काळ्या पाषाणाखाली आणि नदीच्या खडीत
सोनारीहून निघून प्राचीन जीवसृष्टीचा माग काढायचा तर कोठे पाहावे?

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या मंदिरासाठी आणि मंदिर परिसरात निर्धास्तपणे वावरणाऱ्या माकडांसाठी सर्वदूर परिचित आहे. भाविकांच्या हातातील प्रसादावर नजर ठेवून बसलेल्या या माकडांकडे सर्वांचेच लक्ष जाते. ज्या काळ्या दगडावर ती बसलेली असतात, त्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक या परिसरातील सर्वांत जुनी वस्तू हा दगडच आहे. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पृथ्वीवरून डायनॉसोर नाहीसे झाले, तोच हा काळ.

साहजिकच सहलीला आलेल्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न येतो : मग या दगडात डायनॉसोरची हाडे सापडतील का? उत्तर नकारार्थी आहे. पण या नकारामागचे कारण समजले की महाराष्ट्रात जीवाश्म पाहण्यासाठी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेशिवाय कळू लागते. गेल्या काही वर्षांत किल्ले आणि लेण्यांप्रमाणेच भूशास्त्रीय स्थळे पाहण्याची हौस शहरी वाचकांत वाढली आहे. या हौशीला थोडी दिशा मिळावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

हाडे का नाहीत?

सोनारीचा दगड म्हणजे बेसाल्ट. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उसळलेला तप्त लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजून त्याचा हा पाषाण झाला. दख्खनच्या पठाराचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा भाग आजही या थरांनी व्यापलेला आहे. लाव्ह्याचे तापमान हजार-अकराशे अंश सेल्सिअसच्या घरात असते. त्यात सापडलेल्या प्राण्याचे हाड उरत नाही. जीवाश्म तयार होण्यासाठी नेमकी याच्या उलट परिस्थिती लागते. मृत प्राणी चिखलात, गाळात किंवा वाळूत लवकर पुरला गेला पाहिजे, हवेचा संपर्क तुटला पाहिजे आणि पाण्यातील खनिजांनी हाडाच्या सूक्ष्म पोकळ्या सावकाश भरल्या पाहिजेत. थोडक्यात, जीवाश्म हे गाळाचे अपत्य आहे, आगीचे नव्हे.

मग या पाषाणाच्या खाली काय आहे? मराठवाड्याला हे उत्तर फार मोठी किंमत मोजल्यानंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी भूकंपक्षेत्रात खोल विंधन-छिद्र घेतले. ६१७ मीटर खोल गेलेल्या या छिद्रात वरचे ३३८ मीटर बेसाल्टचे थर होते. त्याखाली अवघ्या काही मीटर जाडीचा गाळाचा थर आणि त्याच्याही खाली ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन कठीण खडक. लाव्हा येण्यापूर्वीची जमीन, तिच्यावरचे ओहोळ आणि तळी यांची आठवण त्या काही मीटरच्या गाळात दडलेली आहे. सोनारी किल्लारीच्या पश्चिमेला आहे आणि पश्चिमेकडे हे थर अधिक जाड होत जातात. सोनारीत उभे राहून त्या जुन्या जमिनीपर्यंत पोहोचणे पर्यटकाला शक्य नाही, हे उघड आहे.

सोयीसाठी महाराष्ट्राच्या भूगर्भाची तुलना वाड्याशी करता येईल. लाव्ह्याखालचा गाळ हे तळघर, दोन लाव्हा-थरांच्या मध्ये अडकलेला गाळ हा पोटमाळा आणि सगळ्यांच्या वर नद्यांनी आणून टाकलेली माती-खडी ही गच्ची. जीवाश्म या तीनच ठिकाणी आहेत. वाड्याच्या काळ्या भिंतींत ते शोधू नयेत.

तळघराचे दार विदर्भात

पूर्वेकडे सरकावे तसे लाव्ह्याचे थर पातळ होत जातात आणि चंद्रपूर-नागपूरकडे त्यांची कड संपते. तेथे तळघराचे दार आपोआप उघडे पडलेले आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे त्यातले सर्वांत गाजलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील जीवाश्म गोळा करण्यास प्रारंभ केला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करते. टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

पिसदुऱ्याची जगभर झालेली ख्याती मात्र हाडांपेक्षा एका वेगळ्याच वस्तूमुळे आहे. येथील शेतांत डायनॉसोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. ऐकणाऱ्याला हसू येईल. परंतु प्राण्याने काय खाल्ले, हे त्याच्या हाडापेक्षा त्याची विष्ठाच अधिक प्रामाणिकपणे सांगते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या गोळ्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवताच्या पात्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. उसाचे किंवा भाताचे पाते हाताला कापते, त्यामागेही हीच सिलिका असते. प्रत्येक प्रकारच्या गवतात या कणांचा आकार ठरावीक असतो आणि पान कुजले तरी कण टिकतात. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे कण मिळाले, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे.

तोपर्यंत डायनॉसोर आणि गवत यांची पृथ्वीवर गाठच पडली नव्हती, असा सर्वसाधारण समज होता. चित्रकारही डायनॉसोरच्या पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी झाडे रंगवत. हिरवळ काढणे ही ढोबळ चूक मानली जाई. चंद्रपूर जिल्ह्यातील विष्ठेच्या दगडांनी ती समजूत मोडली. पुढे २०११ मध्ये याच दिशेच्या संशोधनातून भाताच्या कुळाचा उगमही डायनॉसोरच्या काळापर्यंत मागे नेण्यात आला. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यालगत हा पुरावा मिळावा, हा योगायोग मोठा चित्तवेधक आहे.

पिसदुऱ्यापासून जवळच डोंगरगावच्या टेकडीवर एका अजस्र शाकाहारी डायनॉसोरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे काम कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे असल्याने २००३ मध्ये त्याला 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच ते आले आहे. सांख्यिकी संस्थेने डायनॉसोर खणावेत, याचे अनेकांना नवल वाटते. पण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूशास्त्राचा विभाग तेथे जाणीवपूर्वक सुरू केला होता.

याहून जुने तळघर गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचा तालुक्यात आहे. प्राणहिता-गोदावरीच्या काठावरील कोटा या गावावरून तेथील खडकांच्या मालिकेला 'कोटा' हे नाव जगभर मिळाले आहे. हे खडक पिसदुऱ्याहून सुमारे दहा-बारा कोटी वर्षांनी जुने आहेत. प्राचीन मासे, प्रचंड वृक्षांचे दगड झालेले बुंधे आणि आरंभीच्या काळातील महाकाय डायनॉसोर यांचे अवशेष या पट्ट्यातून मिळाले. सिरोंच्याजवळ वडधम येथे वनखात्याचे जीवाश्म उद्यान आहे. आडवे पडलेले दगडी बुंधे जागेवरच पाहण्याची ती उत्तम संधी आहे. अंतर मोठे आहे, रस्ता थकविणारा आहे आणि उन्हाळ्यात तेथे जाणे शहाणपणाचे नाही.

सोनारीकरांसाठी एक जवळचा पर्याय सांगून ठेवतो. या कोटा मालिकेच्या खडकांतून, नदीपलीकडच्या आजच्या तेलंगणातील यामनपल्ली येथे मिळालेला 'कोटासॉरस'चा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा करून ठेवला आहे. सोलापूरहून रेल्वेने हैदराबाद गाठणे मराठवाड्याच्या या कोपऱ्यातील कुटुंबाला सिरोंच्यापेक्षा कितीतरी सोयीचे आहे. मुलांना प्रथम सांगाडा दाखवावा आणि मग खडक, हा क्रम आम्हाला अधिक पटतो.

पोटमाळ्याबद्दल फार लिहीत नाही. तो मुंबईकरांच्या वाट्याला आला आहे. दोन लाव्हा-लोंढ्यांच्या मधल्या निवांत काळात मुंबईच्या जागी गोड्या पाण्याची दलदल होती. तिच्या गाळात चिमुकल्या बेडकांचे अवशेष राहिले. त्यांचे वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. 'डायनॉसोर' हा शब्द ज्यांनी जगाला दिला, तेच हे ओवेन. वरळीच्या टेकडीवर आज इमारतींची जी दाटी आहे, तिच्या पायात हा बेडकांचा थर आहे.

गच्चीवरचे पाणघोडे

आता घराजवळ येऊ. डायनॉसोरच्या नावाभोवती वलय असल्याने मराठवाड्याच्या स्वतःच्या जीवाश्मांकडे दुर्लक्ष होते. ते डायनॉसोरचे नाहीत, मोठ्या सस्तन प्राण्यांचे आहेत आणि ते सोनारीपासून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत.

सोनारीचे पाणी सीनेला जाते आणि सीना भीमेला मिळते. बार्शी-येरमाळा मार्गाने बालाघाटची कड ओलांडून कळंबकडे उतरले की आपण दुसऱ्या खोऱ्यात येतो. ही मांजरा नदी. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात उगम पावून धाराशिव-लातूरच्या सीमेने वाहत पुढे गोदावरीला मिळणारी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या नदीचे काठ पिंजून काढले आहेत. डॉ. विजय साठे यांचा १९८९ चा प्रबंध याच खोऱ्यातील प्राणि-जीवाश्म आणि अश्मयुगीन संस्कृती यांवर आहे. ताडुळा, हरवाडी यांसारख्या गावांच्या परिसरातून हत्ती, रानबैल, घोडा, हरणे, सुसर, कासव आणि चक्क पाणघोडा यांचे अवशेष मिळाले.

पाणघोडा हा शब्द वाचून पुढे जाऊ नये. हा प्राणी आज निसर्गात केवळ आफ्रिकेत उरला आहे. दिवसभर पाण्यात डुंबून राहणे आणि रात्री काठावरचे गवत खाणे, ही त्याची जीवनपद्धती. वर्षभर खोल डोह टिकून राहिल्याशिवाय तो जगू शकत नाही. म्हणजे मांजरेला त्या काळी बारमाही डोह होते, काठाला दाट गवत होते आणि सुसरी पोसण्याइतके मासे होते. याच मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. एकाच नदीच्या या दोन चित्रांमध्ये काही दहा हजार वर्षांचे अंतर आहे. भूशास्त्राच्या हिशेबाने ही वेळ अगदीच थोडी. हवामान कसे बदलत गेले, पावसाळा केव्हा दुबळा झाला, याचा लेखाजोखा मांडायचा तर हीच हाडे आणि ती ज्या खडीत अडकली आहेत ती खडी, एवढाच दस्तऐवज हाताशी आहे.

विशेष म्हणजे हे प्राणी माणसाने पाहिलेले आहेत. गोदावरीकाठी पैठणजवळच्या मुंगी येथे १८६० च्या दशकात भूवैज्ञानिक वाइन यांना प्राण्यांची हाडे असलेल्या खडीतच अकीक दगडाचे एक धारदार पाते मिळाले. ते माणसाने घडविलेले होते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथील अवाढव्य हत्तीच्या अवशेषांवर गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले. खांद्यापाशी चार मीटरहून उंच भरणारी ही जात आज नामशेष आहे. आज तेथे हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी गर्दी होते. त्यातील किती जणांना पाण्याकाठच्या गाळातील या हत्तीची कल्पना असते, कोण जाणे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात तर शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, त्यातील एकावर माणसाने कोरलेली नक्षी होती. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग होते, हे वाक्य आजही ऐकणाऱ्याला थांबवते.

मांजराकाठी प्रत्यक्ष काय दिसते? नदीने कापलेल्या उंच दरडीसमोर उभे राहावे. सर्वांत वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि तळाशी, बहुधा बेसाल्टच्या लगत, चुन्याने सांधलेली खडी-वाळू. ती इतकी घट्ट असते की काँक्रीटचा भास होतो. अवशेष बहुतेक वेळा या तळच्या खडीत असतात. अश्मीभूत हाड ओल्या हाडापेक्षा जड लागते, रंगाने पांढरट-तपकिरी असते आणि तुटलेल्या कडेला जाळीदार रचना दिसते. संपूर्ण सांगाडा मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. पुराने वाहून आणलेला दात, सांध्याचा तुकडा, शिंगाचा गाभा, असेच काही बहुधा वाट्याला येते. दात सापडला तर तो भाग्याचा दिवस. प्राणी ओळखण्यासाठी दातासारखा साक्षीदार नाही.

दगड फसवतो तेव्हा

बेसाल्ट प्रदेशातून जीवाश्म म्हणून घरी आणल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू जीवाश्म नसतात. दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. ती मँगनीजच्या क्षारांची करामत असते. पोकळीत चमकणारे स्फटिक म्हणजे दात नव्हेत. आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे म्हणजे डायनॉसोरची अंडी नव्हेत. बेसाल्ट झिजताना असाच झिजतो. रस्त्यासाठी कापलेल्या कुठल्याही टेकडीत असे शेकडो गोळे दिसतील.

याच्या उलटही घडते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या गावच्या रहिवाशांनी शेतात मिळालेले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पिढ्यान्पिढ्या पूजले. शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा हा देव. ती डायनॉसोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीत आढळल्याचे वृत्त डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. धार परिसरातूनच ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांचा अभ्यास त्याच वर्षाच्या आरंभी प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे या वृत्ताने अभ्यासकांना फारसा धक्का बसला नसावा. भैरवाच्या सोनारीत हे वृत्त विशेष आवडीने वाचले जावे. आणि दूर कशाला, आपल्यापैकी अनेकांच्या देवघरातील चक्रांकित शाळिग्राम हा गंडकी नदीतून आलेला, सागरी प्राण्याचा जीवाश्मच असतो. पूजेमुळे तो जपला गेला, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

ट्रकमधून चाललेला इतिहास

मांजरेच्या हाडांना मात्र असा भैरव लाभलेला नाही. ज्या खडी-वाळूत ती आहेत, तीच बांधकामाला हवी असते. वाळूउपसा हा मराठवाड्यातील नद्यांचा जुना आजार आहे. त्यामुळे नदीपात्राची हानी होते, विहिरी आटतात, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच ट्रकमधून जीवाश्मही जातात, याविषयी क्वचितच. एकदा खडी हलली की तिच्यातील दात एखाद्या इमारतीच्या स्लॅबमध्ये जातो किंवा रस्त्याच्या कडेला पडतो. नंतर तो कोणी उचलून संग्रहालयात दिला, तरी तो कोणत्या थरातील, त्याच्यासोबत दगडी हत्यारे होती काय, वर किती माती होती, या प्रश्नांना उत्तर उरत नाही. जीवाश्माचे अर्धे मोल त्याच्या जागेत असते. हौशी पर्यटकाने खिशात टाकलेल्या तुकड्याला हाच न्याय लागू होतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. प्राचीन वस्तूंसाठीचा १९७२ चा कायदा प्रामुख्याने मानवनिर्मित वस्तूंचा विचार करतो. भूवारसा स्थळे आणि जीवाश्मांसारखे भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागविल्या. त्यात सर्व अधिकार एकाच सरकारी यंत्रणेकडे जातील, अशी टीका तेव्हा काही अभ्यासकांनी केली होती. टीका योग्य असेलही. पण कायद्याची गरज कोणी नाकारली नाही. तोवर संरक्षण उरते ते गावाच्या जागरूकतेचे. ज्या ग्रामपंचायतीला आपल्या दरडीत पाणघोड्याचा दात आहे हे ठाऊक आहे, ती वाळूच्या ठेक्याविषयी अधिक प्रश्न विचारील, असे मानण्यास जागा आहे.

जाणाऱ्यांसाठी

मांजराकाठी जायचे तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. पात्रात पाणी कमी असते आणि ऊनही सुसह्य असते. दरडीच्या अगदी खाली उभे राहू नये. काळी माती वाळून फुटते आणि कडा ढासळतात. बहुतेक ठिकाणी वाट शेतातून जाते, तेव्हा मालकाची परवानगी आधी घ्यावी. त्या परवानगीच्या गप्पांतच 'आमच्याकडेही असले हाड निघाले होते' ही माहिती मिळण्याचा संभव अधिक.

काही आढळल्यास ते उचलू नये. शेजारी रुपयाचे नाणे किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. दुसरे छायाचित्र लांबून, दरडीतील थर दिसतील असे घ्यावे. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ही माहिती डेक्कन कॉलेजला किंवा जवळच्या विद्यापीठातील भूशास्त्र विभागाला कळवावी. पुण्यात कामानिमित्त जाणाऱ्यांनी येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या आवारातील पुरातत्त्व संग्रहालयासाठी दोन तास राखून ठेवावेत. वेळ व प्रवेशाची चौकशी आधी केलेली बरी. नदीवर जाण्यापूर्वी एकदा खरा अश्मीभूत दात पाहिलेला असला, तर दरडीतील शंभर खड्यांमधून तो वेगळा ओळखणे सोपे जाते.